मोठेबाबा कोणत्या आघाडीवर होते?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजभवनाच्या सभागृहात ज्ञातीतील कर्तबगार व्यक्तींची छायाचित्रे लावावीत, असा ठराव कार्यकारिणीने यंदा केला आहे. त्या यादीत आमच्या थोरल्या चुलत्यांचे नाव आहे. आम्ही सारी भावंडे त्यांना मोठेबाबा म्हणत असू. नावापुढे ‘दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बाँबवर्षाव करणारे’ असे शब्द आहेत. हे शब्द नवे नाहीत. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत ते छापून आले होते, आणि आमच्या घरी तर ते त्याहूनही जुने आहेत. छायाचित्राखालची ओळ एकदा रंगवून भिंतीवर चढली म्हणजे पुढील दोन पिढ्या तीच वाचतात. म्हणून त्या ओळीविषयी बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडे मागितली व त्यांनी ती मोठ्या मनाने दिली.

मोठेबाबांना पाहिलेली माणसे आता या सभागृहात फार थोडी उरली असतील. नागभीडजवळच्या आमच्या गावी १९२१ साली त्यांचा जन्म झाला. चांद्याला राहून ते मॅट्रिक झाले. १९४२ साली विमानदळात गेले, १९४६ साली परत आले आणि मग तीस वर्षे आलापल्लीच्या बाजूला जंगलखात्याच्या लाकूड-डेपोवर कारकुनी केली. सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याचे शिक्के मारावयाचे, घनफुटांचा हिशेब मांडावयाचा, लिलावाच्या दिवशी कंत्राटदारांच्या गर्दीत उभे रहावयाचे, असा तो जन्म गेला. १९८१ साली ते वारले. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो पुढील वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. पावसाळा सुरू झाला की थंडी वाजून ताप भरे. आकाशात विमान गेले की आम्ही मुले अंगणात धावत असू. मोठेबाबा मात्र मान खाली घालून हिशेब लिहीत बसत. लढाईविषयी विचारले तर ‘पुढे कधी तरी’ एवढेच म्हणत, आणि तो दिवस आलाच नाही.

लढाईची गोष्ट सांगत ते आमचे आजोबा. बर्लिन, हँबर्ग ही नावे आजोबांच्या तोंडी असत. रात्रीच्या अंधारात विमान कसे गेले, खाली शहर कसे पेटले, हे ते ओसरीवर बसून रंगवून सांगत. मोठेबाबा जवळ असले तर उठून गोठ्याकडे जात. आम्हांस तो त्यांचा विनय वाटे.

सहा वर्षांपूर्वी त्यांची कन्या, म्हणजे आमच्या ताई, जुना वाडा विकण्यापूर्वी सामान आवरीत होत्या. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. ताईंनी ती आमच्याकडे पाठविली व सोबत निरोप दिला, “तू मास्तर होतास, तुला इंग्रजी कागद लागतात. बाबांनी नेमके काय केले ते मला एकदा नीट सांग. मी सत्तरी ओलांडली. आजोबांची गोष्ट ऐकून कंटाळा आला.” ताईंच्या या निरोपातून पुढचा सारा उद्योग सुरू झाला.

ट्रंकेत काय होते? सेवामुक्तीचा दाखला, वाळवीने एका कोपऱ्यातून खाल्लेला. निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक नोंदवही. पातळ कागदात गुंडाळलेल्या, कधीही छातीवर न लावलेल्या दोन सहाकोनी तारका व एक गोल पदक. काही पोस्टकार्डे. आणि एक छायाचित्र, ज्यात विमानाच्या पंखाजवळ दोन तरुण उभे आहेत. एक मोठेबाबा, दुसरा कोण ते मागे लिहिलेले नाही.

प्रथम आम्ही तारका हाती घेतल्या. त्या युद्धातील तारकांची सोय अशी की, तारका कोणत्या आघाडीची ते तिच्या मध्यावरील वर्तुळातच कोरलेले असते. जर्मनीवर उडालेल्या विमानसैनिकांना ‘एअर क्रू युरोप स्टार’ मिळे, आणि जून १९४४ नंतर गेलेल्यांना ‘फ्रान्स अँड जर्मनी स्टार’. पहिलीची फीत फिक्या निळ्या रंगाची, काळ्या कडांची. मोठेबाबांची एक तारका सर्व आघाड्यांवर मिळणारी ‘१९३९-४५’ ची होती. दुसरीची फीत गडद निळी, मध्ये तांबडा पट्टा आणि दोन्ही बाजूंस सूर्यासारखे नारिंगी पट्टे अशी होती. वर्तुळात अक्षरे होती ‘द बर्मा स्टार’. मागच्या बाजूस त्यांचा क्रमांक आणि नाव ठोकलेले. दुसऱ्या कोणाची तारका ट्रंकेत येऊन पडली असेल, ही शंकाही त्यामुळे फिटली.

तारकेवरून आघाडी कळते, काम कळत नाही. ते नोंदवहीवरून कळले. वैमानिकाची वही निराळी आणि विमानात बसणाऱ्या इतरांची निराळी, अशी इंग्रजी विमानदळाची रीत होती व आपल्या विमानदळाने तीच उचलली होती. मोठेबाबांची वही निरीक्षक व तोफमाऱ्यांसाठी असलेल्या नमुन्याची आहे. तारीख, वेळ, विमानाची जात आणि क्रमांक, वैमानिक, स्वतःचे काम, शेरा, उड्डाणाचे तास-मिनिटे, असे तिचे रकाने. आमच्या शाळेच्या हजेरीपटाहून ती अधिक काटेकोर आहे, हे कबूल केले पाहिजे. पहिली पाने भोपाळ येथील तोफमाऱ्यांच्या शिक्षणाची, नंतरची पेशावरची. त्यापुढे ‘८ स्क्वाड्रन’ असे लिहिलेले आणि विमानाच्या जातीच्या रकान्यात शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द, ‘व्हेंजन्स’.

या एका शब्दाने बर्लिनची गोष्ट निकालात निघते. व्हल्टी व्हेंजन्स हे अमेरिकन बनावटीचे, एका इंजिनाचे, दोन माणसांचे बाँबफेकी विमान. ते उंचावरून थेट खाली सूर मारी आणि लक्ष्यावर बाँब सोडून वर येई. युरोपात जर्मन लढाऊ विमानांपुढे असल्या विमानाचा निभाव लागणार नाही, असे इंग्रजांनी ठरविले आणि बाँबफेकीसाठी ते तिकडे वापरलेच नाही. विलायतेत राहिलेल्या व्हेंजन्सांना तोफमाऱ्यांच्या सरावासाठी निशाण ओढण्याचे काम लागले. बाँब टाकण्यासाठी ही विमाने हिंदुस्थानात पाठविली गेली, आणि ऑस्ट्रेलियनांनी ती न्यू गिनीत वापरली. तेव्हा ज्याची वही व्हेंजन्सची, तो जर्मनीवर गेलेला असणे शक्य नाही.

आता आठव्या स्क्वाड्रनविषयी. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय विमानदळात एकच स्क्वाड्रन होती. युद्ध संपताना नऊ झाल्या. त्यांपैकी सातवी व आठवी या दोन १ डिसेंबर १९४२ रोजी उभ्या राहिल्या, सातवी विशाखापट्टणमला आणि आठवी त्रिचनापल्लीला, आणि दोघींनाही व्हेंजन्स विमाने मिळाली. सातवीचे प्रमुख हेम चौधरी. तिने १९४४ च्या वसंतात सिल्चरजवळच्या उदरबंदहून मणिपूर आघाडीवर काम केले. आठवीचे प्रमुख निरंजन प्रसाद. हे मूळचे लष्करातील अधिकारी. पुढे लष्करात परत जाऊन ते मेजर जनरल झाले आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या इतिहासात त्यांचे नाव पुन्हा येते. आठवी स्क्वाड्रन डिसेंबर १९४३ मध्ये चितगावजवळच्या डबल मूरिंग्ज या धावपट्टीवर आली आणि १५ डिसेंबरला तिने पहिली मोहीम केली. मोठेबाबांच्या वहीतील लाल शाईची पहिली ओळ त्याच महिन्यातील आहे.

हा मजकूर आम्हांस कोठून मिळाला, असे पुष्कळांनी विचारले, म्हणून थोडे सांगतो. भारतीय सेनादलांचा दुसऱ्या महायुद्धातील अधिकृत इतिहास बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली अनेक खंडांत निघाला. त्यांतील विमानदळाचा खंड एस. सी. गुप्ता यांनी लिहिला असून तो १९६१ चा आहे. आमच्या नातीने तो संगणकावर शोधून दिला. आम्ही भिंगाने वाचला. सेवेचा उतारा मिळावा म्हणून दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधील विमानदळाच्या अभिलेख कार्यालयाकडे ताईंच्या सहीने अर्ज केला. अर्ज वारसानेच करावा लागतो व सेवाक्रमांक लिहावा लागतो. तो तारकेच्या पाठीवर आयताच होता. इंग्लंडात क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनांच्या रोजनिश्या जपून ठेवलेल्या आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादीही आहे, परंतु ती पडलेल्यांची. जो रणात पडला त्याचे नाव दगडावर कोरलेले सापडते. जो परत येऊन लाकूड-डेपोवर शिक्के मारीत बसला, त्याचा शोध घरच्या ट्रंकेतूनच सुरू करावा लागतो.

शोधात मोठी अडचण आली ती आडनावाची. आमचे आडनाव इंग्रजीत तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे. एका ठिकाणी तर गावाचे नाव आडनाव म्हणून पडले आहे. यात हसण्यासारखे काही नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे इंग्रजी विमानदळात लढाऊ विमानाचे वैमानिक होते. जून १९१८ च्या अखेरीस ते फ्रान्समध्ये शत्रूच्या हद्दीत पडले व वारले. जर्मनांनी त्यांना पुरले, परंतु नाव इतके वेडेवाकडे लिहिले गेले की, ते थडगे वेलिणकरांचे हे उमजण्यास युद्धानंतर बराच तपास करावा लागला. आज हँगार येथील स्मशानभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे. ज्यांच्या घरी शोध घ्यावयाचा आहे त्यांनी आडनावाची इंग्रजीत होतील तितकी रूपे आधी एका कागदावर लिहून काढावीत आणि ती सारी तपासावीत.

आता आराकानकडे वळू. ब्रह्मदेशाचा हा पश्चिम किनारा. मयू नावाची डोंगरांची रांग, दोन्ही अंगांस भातखाचरे व खाड्या, वर बांबूचे दाट रान. आमच्या भामरागड-एटापल्लीकडील माणसास ते रान परके वाटले नसते. फेब्रुवारी १९४४ मध्ये जपानी सैन्याने तेथे अचानक वेढा घातला आणि सातव्या हिंदी डिव्हिजनची पिछाडी न्गाक्येडौक खिंडीजवळच्या एका लहानशा मैदानात कोंडली गेली. ५ पासून २३ फेब्रुवारीपर्यंत ते मैदान लढत राहिले. अन्न व दारूगोळा डाकोटा विमानांनी वरून टाकला. त्या आणि पुढील महिन्यांत डोंगरात खणून बसलेल्या जपानी मोर्चांवर सूर मारण्याचे काम व्हेंजन्सांकडे होते. मोठेबाबांच्या वहीत मार्चमधील आठ दिवसांत सहा उड्डाणे आहेत. प्रत्येक उड्डाण तास-दीड तासाचे. शेऱ्याच्या रकान्यात गावाचे नाव आणि ‘बाँब लक्ष्यक्षेत्रात’ इतकेच. एका ओळीत मात्र ‘एक विमान परतले नाही’ असे आहे, व त्याखालची दुसऱ्या दिवसाची ओळ नेहमीसारखीच सुरू होते.

मोठीआई हयात असताना सांगत असे की, १९४४ च्या पावसाळ्यात मोठेबाबा रजेवर आले ते हळदीसारखे पिवळे होऊन. घरी कावीळ समजून त्यांस भुईआवळ्याचा रस पाजला. ती कावीळ नव्हे. हिवतापापासून बचावासाठी त्या आघाडीवर सर्वांना मेपॅक्रिन नावाच्या गोळ्या रोज खाव्या लागत, आणि त्यांनी कातडी पिवळी पडे. जर्मनीवर उडणाऱ्यांना या गोळ्यांचे काय काम! घरातल्या बायकांना आघाडीचा पुरावा डोळ्यांनी दिसला होता, फक्त तो वाचणारा कोणी नव्हता.

वहीतील उड्डाणे १९४४ च्या मध्याला एकाएकी थांबतात. जखम झाली असेल, शिक्षा झाली असेल, असे तर्क नातेवाइकांनी पुष्कळ केले. कारण साधे आहे. आठव्या स्क्वाड्रनला व्हेंजन्सऐवजी स्पिटफायर मिळाली. स्पिटफायरमध्ये वैमानिकाखेरीज दुसऱ्या माणसाला जागाच नसते. मागे बसणारे सारे एका फटक्यात बिनकामाचे झाले व निरनिराळ्या ठाण्यांवर पाठविले गेले. मोठेबाबांनी उरलेली दोन वर्षे जमिनीवर बिनतारी यंत्रापाशी काढली.

इतके कळल्यावर खरा प्रश्न पुढे येतो. मग जर्मनी कोठून आली? ते समजण्यासाठी १९४२ चे चांदा डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरला लोक उठले. गोळीबारात माणसे पडली, चार सरकारी अधिकारी मारले गेले, आणि नंतर लष्कराने गावावर जो सूड उगविला, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. ज्यांच्या भजनांनी या भागात चैतन्य आणले त्या तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली. आमचे गाव चिमूरपासून फार दूर नाही. अशा गावातील एका घरचा मुलगा त्या सरकारच्या गणवेशात होता.

मोठीआईच्या सांगण्यावरून, रजेवर येताना ते नागभीड स्टेशनवर उतरून मालधक्क्यामागे कपडे बदलीत आणि धोतर नेसून गावात शिरत. गावात एकाने तोंडावर म्हटलेही होते, चिमूर जळत असता तू सरकारची भाकरी खावयास गेलास. या बोलण्याचे उत्तर मोठेबाबांनी कधी दिले नाही. सेवेच्या उताऱ्यात ते आहे. भरतीची तारीख मे १९४२ ची आहे, चिमूरच्या तीन महिने आधीची. त्याच्या महिनाभर अगोदर, ६ एप्रिलला, जपानी विमानांनी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बाँब टाकले होते, आणि ब्रह्मदेशातून पळून आलेल्या निर्वासितांच्या कहाण्या घरोघर पोचल्या होत्या. मॅट्रिक होऊन दोन वर्षे घरी बसलेला, बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असलेला एकवीस वर्षांचा मुलगा कर्जासाठी गेला की जपान्यांच्या भीतीने गेला, हे कागद सांगत नाहीत, व आम्हीही त्याच्या तोंडी शब्द घालणार नाही. ऑगस्टनंतर सोडून का आला नाही, असे कोणी विचारील. लष्करी नोकरीतून सोडून येणे म्हणजे पळून येणे. त्याची शिक्षा काय असते ते ठाऊक असणारी निवृत्त मंडळी येथे बसलेली आहेत.

चिमूरचा डाग एक, आणि आराकानचा दुसरा. आराकानात जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद फौजेच्या बहादूर गटाची एक लहान तुकडी होती. मेजर मिश्र तिचे नायक. मणिपूरच्या बाजूस तर फौजेच्या पलटणी होत्या, आणि एप्रिल १९४४ मध्ये मोइरांग येथे त्यांनी तिरंगा उभारला. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज, सहगल व धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला तेव्हा सारा देश त्यांच्या बाजूने उभा राहिला. चांद्यातही सभा, मिरवणुका, वर्गणी, सर्व काही झाले. आजोबांनीही वर्गणी दिली, पावती ट्रंकेत आहे. आणि त्याच ट्रंकेत आजोबांनी मुलास लिहिलेले जानेवारी १९४६ चे पोस्टकार्ड आहे. त्यात घरच्या गाईगुरांची खुशाली आहे, बहिणीचा निरोप आहे, आणि शेवटी असा मजकूर आहे की, येथे विचारणारांस आम्ही जर्मनी सांगितले आहे, तरी घरी आल्यावर आपणही तेच सांगावे.

हे पोस्टकार्ड वाचल्यावर आम्ही बराच वेळ चष्मा काढून बसलो होतो. हिटलरवर बाँब टाकल्याबद्दल चांदा जिल्ह्यात कोणी आमच्या घराकडे बोट दाखविणार नव्हते. ब्रह्मदेश म्हटले असते तर लगेच प्रश्न आला असता, खाली कोण होते? आजोबांना आम्ही खोटारडे म्हणावयास तयार नाही. वयात आलेली एक मुलगी अजून घरात होती, गावात रहावयाचे होते, आणि मुलगा परत येऊन त्याच गावात संसार मांडणार होता. त्यांनी मुलाभोवती कुंपण घातले. पुढे कुंपणाची गरज सरली तरी गोष्ट राहिली. तीत हँबर्ग आले, मग बर्लिन आले, आणि शेवटी ती आपल्या स्मरणिकेत आली.

या गोष्टीला दुसऱ्यांच्या खऱ्या पराक्रमातूनही उजेड मिळाला असावा. इंग्रजी विमानदळाच्या बाँबर कमांडमधील सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. असे भयंकर प्रमाण फार थोड्या दलांत आढळते. त्या दलात मराठी माणूस होताही. मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर लँकेस्टर विमानांतून दिशादर्शक म्हणून जर्मनीवर गेले आणि त्यांस डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. लँकेस्टरमध्ये सात माणसे, रात्रीचे सहा-सात तासांचे उड्डाण, आणि तीस मोहिमा पुऱ्या झाल्या की पहिली फेरी संपली. तो मान सुखटणकरांचा व त्यांच्या सोबत्यांचा आहे. तो मोठेबाबांच्या नावावर मांडणे म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढविण्यासारखे आहे. जमिनीच्या बाबतीत आपण हे एकमेकांना करू देत नाही.

मोठेबाबांचे स्वतःचे काम काही हलके नव्हते, हेही समजून घ्या. व्हेंजन्स दहा-बारा हजार फुटांवरून सरळ खाली पडे, ताशी सुमारे तीनशे मैल वेगाने. पोटात पाचशे पौंडांचे दोन बाँब, पंखांखाली अडीचशेचे दोन. वैमानिकाचे तोंड जमिनीकडे. मागचा माणूस मागे तोंड करून मशीनगनीपाशी बसलेला, म्हणजे त्याला पडताना फक्त दूर जाणारे आकाश दिसे. बाँब सुटले की विमान झटक्याने वर वळे, शरीराचे वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे होई, डोळ्यांपुढे अंधारी येई. वैमानिक पुढे पहात घरची वाट धरी. मागच्याला मात्र मागे पहात बसावे लागे, कारण शत्रूचे विमान आले तर तिकडूनच येणार. बाँब कोठे पडला, काय उडाले, कोण पळाले, हे त्यालाच दिसे. उतरल्यावर अधिकाऱ्यास सांगावयाचेही त्यानेच.

मोठीआईने मरण्यापूर्वी ताईंना एक गोष्ट सांगितली होती. ताईंना तेव्हा तिचा अर्थ लागला नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी मोठीआईने त्यांना विचारले होते, तुम्ही बाँब टाकलेत काय? ते म्हणाले, “टाकणारा पुढे असे. मी मागे बसलेला. मागे बसलेल्याला सगळे दिसते.” त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. आम्ही ताईंना वहीतील ती पाने एकेक करून वाचून दाखविली, विमानात बसण्याची रीत कागदावर काढून दाखविली. ताई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आजोबा बोलायला लागले की ते गोठ्यात का जात, ते आता कळले.”

त्यांच्या बाँबांखाली कोण सापडले? लक्ष्ये होती ती जपानी मोर्चांची. त्या रानात आराकानी गावेही होती. बहादूर गटाची माणसेही त्याच डोंगरांत वावरत होती. वहीत गावांची नावे आहेत, माणसांची नाहीत. ताईंनी हाच प्रश्न विचारला आणि आम्ही त्यांना हेच उत्तर दिले. येथे बसलेल्या कोणाला यावरून मोठेबाबांचे छायाचित्र लावूच नये असे वाटत असेल तर त्याने तसे कार्यकारिणीत स्पष्ट बोलावे; ते बर्लिनच्या आड लपविण्यापेक्षा बरे. आमचे मत विचाराल तर छायाचित्र लावावे. त्याच आराकानात वेढ्यात सापडलेल्या हिंदी डिव्हिजनमध्ये आपल्याच देशाचे हजारो शिपाई होते, आणि ते वाचले त्यांत या मागे बसलेल्यांचाही वाटा आहे. लढाईच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे होती, हे १९४६ साली बोलणे कठीण होते. आज आमच्या घरात तरी ते बोलता येते.

छायाचित्राखालची ओळ आम्ही व ताईंनी मिळून लिहून आणली आहे आणि ती चिटणीसांच्या हाती दिली आहे. तीत नाव आहे, सेवाक्रमांक आहे, आणि पुढे ‘विमानातील तोफमारे, ८ स्क्वाड्रन, भारतीय विमानदळ, आराकान, ब्रह्मदेश, १९४३-४४’ एवढेच आहे. दलाच्या नावामागे ‘रॉयल’ हा शब्द घालावा असे एका सभासदाने सुचविले. ती उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली, म्हणजे मोठेबाबांची उड्डाणे थांबल्यानंतर. आणि १९५० साली ती गेलीही. म्हणून घातलेली नाही.

नोंदवही, तारका आणि ते पोस्टकार्ड ताईंकडेच राहील. मंडळासाठी प्रत्येक पानाची छायाप्रत काढून आणली आहे, ती वाचनालयाच्या कपाटात कोणालाही पाहता येईल. एक काम अजून उरले आहे. वहीत वैमानिकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नाव आहे, आणि छायाचित्रातील दुसरा तरुण तोच असावा, कारण दोघांच्या खांद्यांवर हात आहेत व मागे व्हेंजन्सचा पंख आहे. त्या नावाचे घर पंजाबात असल्याचा सुगावा लागला आहे. मागील महिन्यात आम्ही तेथील पत्त्यावर हिंदीतून पत्र घातले आहे, सोबत छायाचित्राची प्रत ठेवली आहे, आणि आमच्याकडील माणूस मागे बसत असे, असे लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.